माघी पौर्णिमेचं खळं

घाटातल्या एका वळणावर तात्यांनी गाडी थांबवायला लावली, घाईघाईनं दार उघडलं आणि रस्त्याच्या कठड्याला धरून उलटी केली. हसनभाई फिरकीचा तांब्या घेऊन धावले. माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी होती. ती खाली ठेवून मी उतरेपर्यंत तात्या चूळ भरून, तोंड पुसून, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पुढच्या सीटवर येऊन बसलेसुद्धा.

"पित्त आहे," ते समोर बघत म्हणाले. "घरी बोलायचं नाही."

हे मला होतं. त्या दिवसभरात ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य तेच. परत फिरू या का, असं मी विचारून पाहिलं. त्यावर पौर्णिमा काय माझ्यासाठी उद्यापर्यंत थांबणार आहे का, असं त्यांनी हसनभाईंना विचारलं. हसनभाईंनी गाडी सुरू केली.

तात्या म्हणजे माझे सासरे. वाईत शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते, पण गावात त्यांना मास्तर कुणी म्हणत नसे. ढगतात्या म्हणत. चाळीस वर्षं हा माणूस सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन डोंगर चढत होता, आणि डोंगराचा म्हणून फोटो त्यानं एक काढला नाही. डोंगर त्यांना खाली टेकू म्हणून लागायचा. खरं नाटक वर चालायचं. श्रावणात कड्यावरून खाली ओतणारे ढग, ढगांच्या फटींतून खोऱ्यात उतरलेले उन्हाचे तिरपे खांब, पहाटे धुक्याच्या वर तरंगणारी डोंगराची तेवढी टोकं. कुणी लग्नाचे फोटो काढायला बोलावलं तर नवरानवरी काय कुठंही मिळतात म्हणून वाटेला लावायचे. सासूबाई म्हणायच्या, ढगांनी घर चालत असतं तर आम्ही माडी बांधली असती.

मी त्या घरात आले तेव्हा मला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. रोल धुवायला हाताखाली माणूस हवं म्हणून तात्यांनी मला मोरीशेजारच्या खोलीत बोलावलं आणि हळूहळू सगळं शिकवलं. औषध किती गार, किती गरम, निगेटिव्ह डब्यात किती हलवायची, कागदावर काळा रंग कुठं थांबवायचा. त्या घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं होतं, ओटी पाहुण्यांची, वरची खोली माझ्या नवऱ्याची, श्रीधरची, आणि त्याच्या बँकेच्या परीक्षांची. माझं म्हणावं असं काही होतं ते म्हणजे ती अंधारी खोली. तिथला तो लाल दिवा लावला की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

येत्या चैत्रात पुण्यात तात्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं होतं. चाळीस वर्षांतले ढग एका दालनात. सगळे फोटो निवडून झाले होते, दारासमोरच्या भिंतीवरचा तेवढा राहिला होता. तिथं त्यांना चंद्राचं खळं हवं होतं. डोंगरावर आलेला पूर्ण चंद्र आणि त्याच्याभोवती गोल कडं. जन्मभर तेवढं एक हुकलं होतं. खळं पडायचं तेव्हा हे शाळेत असायचे, नाहीतर रोल संपलेला असायचा.

आणि कार्तिकापासून देव प्रसन्न झाला. दर पौर्णिमेला खळं. तात्या डोंगरावरून पोरासारखे हसत घरी यायचे. कागदावर मला काढून दाखवायचे, आत निळसर, बाहेरून तांबडं. रंग आपल्या रोलमध्ये यायचे नाहीत, पण कडं झकास येईल म्हणायचे. मी रोल धुवायचे आणि दिव्यासमोर धरायचे. नुसता चंद्र. कार्तिकात नुसता चंद्र, मार्गशीर्षात नुसता चंद्र, पौषात नुसता चंद्र.

पौषातली निगेटिव्ह बघितल्यावर तात्या आवाज न चढवता बोलले, तेच मला जास्त लागलं.

"खळं होतं. मी बघितलं, हसननं बघितलं, श्रीधरला गच्चीत नेऊन दाखवलं तर त्यानंही बघितलं. कॅमेरा खोटं बोलत नाही. मग राहिलं कोण?"

राहिले मीच. औषध कडक करून मी खळं जाळून टाकते, असा त्यांचा निकाल झाला. माघी पौर्णिमेचा रोल ते स्वतः धुणार होते, आणि त्यात खळं आलं तर मी पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवायचं नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तू खरंच बघितलंस का खळं? तो म्हणाला, असेल ना, तात्या म्हणतात म्हणजे असेल. मी दोन दिवस रडले आणि मग मला राग आला. माझं औषध बरोबर होतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी तात्यांना म्हटलं, मीही येते डोंगरावर. जे मी जाळते म्हणता ते मला एकदा बघू तरी द्या.

गाडी जिथवर जाते तिथून पुढं घारकड्यापर्यंत पायवाट आहे. हसनभाई वाईतलेच, तात्यांचे जुने विद्यार्थी. गाडी भाड्यानं द्यायचे, पण तात्यांसाठी स्वतः यायचे आणि स्टँड खांद्यावर घेऊन पुढं चालायचे. एरवी या वाटेवर तात्यांना गाठणं मुश्कील. त्या दिवशी ते मागं राहत होते. एक हात कपाळाच्या उजव्या बाजूला दाबून धरलेला, मान खाली. उजवा डोळा लाल झाला होता. मी विचारलं तर वारा लागला म्हणाले.

कड्यावर पोचलो तेव्हा पाठीमागं सूर्य टेकत होता. समोर खोल दरी, तळाशी एक वाडी, आणि दरीपलीकडं डोंगरांची ओळ. त्या ओळीवर आभाळाच्या बुडाशी करडा-निळा पट्टा चढत होता आणि त्याच्या वर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हे मला तात्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्याच सावलीतून चंद्र वर येणार होता. डोंगराच्या खांद्यावर ढगाची एक बारीक चिंधी होती, तीसुद्धा गुलाबी होऊन विरून गेली. हवा इतकी कोरडी की ओठ तडकत होते. खळं पडायला आभाळात काहीतरी पातळ पडदा लागतो, इतपत मलाही ठाऊक होतं. मी वर बघितलं आणि मला आनंद झाला. आज खळं पडणारच नाही, निदान माझा निकाल पुढच्या महिन्यावर जाईल, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला.

तात्यांनी स्टँड कड्याच्या अगदी काठाशी लावायला सांगितला. कॅमेरा बसवला. मग स्टँड जरा डावीकडं घ्यावा म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि त्यांची मूठ हवेत मिटली. स्टँड वीतभर पलीकडं होता. तोल जाऊन त्यांचा पाय एका सुट्या दगडावर पडला, दगड घरंगळला आणि खाली गेला. तो आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

हसनभाईंनी त्यांचा दंड धरला होता. तात्यांनी तो झटकला आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. मी मात्र त्यांच्या मागं, हात पोचेल एवढ्या अंतरावर जाऊन उभी राहिले. सासऱ्याच्या इतक्या जवळ सुनेनं उभं राहावं अशी आमच्या घरची रीत नव्हती, पण रीत सांभाळायची ती वेळही नव्हती.

चंद्र आला. आधी डोंगराच्या मागं उजेड पडला, मग तांबूस कड दिसली, आणि बघता बघता अख्खा चंद्र सावलीच्या पट्ट्यातून वर निघाला. स्वच्छ, कडा कोरलेला चंद्र.

"आलं," तात्या हळूच म्हणाले. "बघा, बघा काय आलंय. एवढं मोठं कधीच नव्हतं."

खटके पडायला लागले. एक, मग जरा जास्त वेळ उघडा ठेवून दुसरा, मग तिसरा. तात्यांचा आवाज आनंदानं कापत होता. त्यांनी हसनभाईंना विचारलं, दिसतंय ना? हसनभाई म्हणाले, "व्हय की तात्या. लई झ्याक दिसतंया."

मी आभाळाकडं बघत होते. डोळे बारीक करून बघितलं, मोठे करून बघितलं. चंद्राभोवती काही नव्हतं.

"आणि चारू, तुला?"

आता नीट ऐका, माझी काय गत झाली होती ती. हो म्हटलं असतं तर तात्या खूश, हसनभाई खूश, घरात शांतता. पण मग खळं होतं आणि ते मीच तीन वेळा जाळलं, हे मी माझ्या तोंडानं कबूल केल्यासारखं होतं आणि माझी खोली गेली. नाही म्हटलं तर चाळीस वर्षं आभाळ बघणाऱ्या माणसाला, सासऱ्याला, परक्या माणसासमोर खोटं पाडल्यासारखं होतं. मग तर खोलीच काय, घरातही मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. दोन्हीकडून मरण.

"मला नाही दिसत, तात्या," मी म्हटलं. "नुसता चंद्र आहे."

हसनभाई माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी भर देवळात चप्पल घालून शिरले होते. तात्या कॅमेऱ्यापासून बाजूला झाले. इकडं ये आणि यातून बघ, म्हणाले. मी गेले, डोळा लावला. चौकटीत डोंगर होता, चंद्र होता. मी पुन्हा नाही म्हटलं.

"तुला दिसणार नाही," तात्या म्हणाले. "कारण दिसलं तर तुझी चूक ठरते. खाली बघ. वाडीतले दिवे लागलेत. एकेका दिव्याला खळं आहे. तेही नाही म्हण."

मी खाली बघितलं. वाडीत पाच-सात दिवे लागले होते. सुईनं टोचल्यासारखे बारीक, स्पष्ट. मधे ना धूर, ना धुकं. एका घरातलं मांजर अंगणातून गेलेलं दिसावं अशी हवा होती.

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी भीती आली. चंद्राचं एक वेळ समजू शकतं. वर विरळ काहीतरी असेल, माझ्या डोळ्यांना पकडता येत नसेल. पण खालच्या दिव्यांना खळं कुठून पडणार? मी हसनभाईंकडं बघितलं. तेही दिव्यांकडं बघत होते. त्यांनी मान खाली घातली.

तात्यांच्या त्या लाल डोळ्यातून पाणी वाहत होतं. तात्यांचा हात पुन्हा कपाळावर गेला होता. बोलू की नको, बोलू की नको, असं मनात चाललेलं असतानाच मी बोलून गेले.

"तात्या, अंगठ्यानं चंद्र झाका."

आभाळाचे फोटो काढणाऱ्यांची ही साधी युक्ती आहे. सूर्याभोवतीचं खळं टिपायचं असलं की सूर्य एखाद्या खांबाआड नाहीतर हाताआड घ्यायचा. सूर्य झाकला तरी खळं जागच्या जागी राहतं, कारण ते आभाळात असतं. चंद्राला कुणी असं करत नाही. तो डोळ्यांना त्रास देत नाही, मग झाकायचा कशाला?

"काय म्हणालीस?"

"अंगठा धरा चंद्रावर. कडं राहतं का सांगा."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. चित्रकलेच्या मास्तरानं माप घ्यावं तसा त्यांनी हात लांब केला, अंगठा उभा केला, आणि सवयीनं डावा डोळा मिटला. कॅमेऱ्यातून बघून बघून त्यांना ती सवय लागली होती. कॅमेरा हातात नसला तरी आभाळ बघायचं ते एका उजव्या डोळ्यानंच.

अंगठा चंद्रावर आला. अंगठा बाजूला झाला. पुन्हा चंद्रावर आला. असं त्यांनी कितीदा केलं कोण जाणे. वारा पडला होता. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मी जन्मात त्यांना करताना बघितलं नव्हतं ते केलं. उजवा डोळा मिटून डाव्यानं चंद्राकडं बघितलं.

किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नुसता चंद्र आहे गं."

मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना काठापासून मागं आणलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. स्टँड, कॅमेरा, पेटी, सगळं आवरायला मी हसनभाईंना सांगितलं. ते बिचारे इतके हादरले होते की खांद्यावरचं फडकं विसरून आले.

उतरताना मी टॉर्च लावला. चार पावलांवरच तात्यांनी तो विझवायला सांगितला.

"त्यालाही खळं आहे," ते म्हणाले.

मग चांदण्यात उतरलो. दगड आला की मी दगड म्हणायचे, पायरी आली की पायरी. ज्या माणसानं मला उजेड कसा बघायचा ते शिकवलं, तो आता माझ्या मनगटाला धरून पाय चाचपत टाकत होता. मधे एकदा बसून पुन्हा उलटी झाली. उजव्या डोळ्यानं आता चंद्र कसा दिसतो, असं मी विचारलं. दूध सांडल्यासारखा, म्हणाले.

गाडीत हसनभाई एकदाच बोलले, तेही मला, आरशातून बघत. "वैनी, मला बी कधीच दिसलं न्हवतं. पन मास्तरांना न्हाई कसं म्हनायचं?" तात्या डोळे मिटून बसले होते. ते ऐकलं असणारच.

घरी न जाता मी गाडी सरळ वाईतल्या डोळ्यांच्या दवाखान्याकडं घ्यायला लावली, तेव्हा तिथलं शटर अर्धं खाली आलेलं होतं. डॉक्टर तरुण होते, घरी निघाले होते. तात्यांना बघितल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. पापणीवरून बोटांनी डोळा हलकेच दाबून बघितला आणि दुसऱ्या क्षणाला कंपाउंडरला हाक मारली. सलाइन लावली, गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंबांवर थेंब टाकले. काचबिंदू, ते मला म्हणाले. डोळ्यातलं पाणी तुंबलंय, डोळा आतून दगड झालाय. हे महिनोन् महिने थोडंथोडं होत होतं, आज एकदम झालं. सकाळी उजाडताच पुण्याला न्या. इथं यायला उद्या सकाळ केली असती तर डोळा गेलाच होता. आणि तोच प्रकार उद्या ना परवा डाव्यातही होईल, त्याचंही तिथं लगेच करून घ्या.

पुढचं सगळं पुण्यात झालं. डावा डोळा शाबूत राहिला. उजव्यानं नंतर माणूस आला-गेला एवढं कळायचं, पण तो कॅमेऱ्याचा राहिला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण मला सांगायचंय ते पुण्याचं नाही, त्या अर्ध्या शटरच्या दवाखान्यातलं.

थेंबांनी कळ जरा उतरली होती. तात्या टेबलावर उताणे पडले होते, डोळ्यांवर ओली पट्टी. डॉक्टर केसपेपर लिहीत होते. नाव, वय झालं. बरोबर कोण आहे म्हणून त्यांनी विचारलं.

"सून," तात्या म्हणाले. "माझे रोल हीच धुते."

मी भिंतीकडं तोंड केलं. डोळ्यांत आलेलं पाणी डॉक्टरांना दिसू नये एवढ्यासाठी.

डॉक्टरांना त्यातलं काय कळणार? त्यांनी पुढचं विचारलं. दिव्याभोवती रंगीत वलयं कधीपासून दिसत होती? कार्तिकापासून, तात्या म्हणाले. डॉक्टरांनी पेन थांबवलं.

"आजोबा, इतके महिने तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत?"

"बोललो की. ज्याला त्याला बाहेर नेऊन दाखवलं. मुलाला दाखवलं, मित्रांना दाखवलं. सगळे हो म्हणाले."

हसनभाई दाराशी उभे होते. ते बाहेर निघून गेले.

"मग आज कसे आलात?"

तात्यांनी सलाइन नसलेला हात उचलला आणि माझ्याकडं बोट दाखवायला म्हणून डावीकडं केला. मी उजवीकडं उभी होते.

"ही नाही म्हणाली."